गुरुजींचा डावा हात

तृप्तीचा फोन आला तेव्हा खरात गुरुजी पाळण्याच्या कड्यांना तेल देत होते. पाळण्यात झोपणारी नात अजून बदनापूरला, तिच्या आईच्या माहेरी होती आणि सव्वा महिना झाल्याशिवाय तीर्थपुरीला येणार नव्हती. पण आल्यावर पाळणा कुरकुरायला नको, म्हणून गुरुजी रोज तेल देत होते. आता तेल कड्यांतून खाली फरशीवर ठिबकत होतं आणि त्यांच्या पत्नी बेबीनंदाबाई रोज फरशी पुसत होत्या. त्यांनीच ओल्या हातानं फोन स्पीकरवर टाकला.

"अण्णा, डॉक्टर परत विचारून राह्यले," सुनेनं सुरुवातच केली. "बाळाला जो कुणी हातात घेणार, त्यानं डांग्या खोकल्याची लस घ्यायची. मोठ्यांची वेगळी असती. अन् घेतल्यावर पंधरा दिवस जाऊ द्यायचे, मंगच बाळाजवळ यायचं. आईंनी माझ्या सातव्या महिन्यातच घेतली. सुमितनीबी मागच्या शनिवारी जालन्याला जाऊन घेतली. तुमचं काय?"

"माझं काय म्हणजे? घेणार की."

"कधी?"

"या आठवड्यात. पेन्शनच्या कामानं जालन्याला जायचंच आहे."

"बिलकुल विसरू नका. न्हाईतर मी तिला तुमच्याजवळ देणार न्हाई. आत्ताच सांगून ठेवते, राग मानू नका."

राग मानण्यासारखं त्यात काही नव्हतं. शिस्तीचं माणूस गुरुजींना आवडायचं आणि सून शिस्तीची मिळाली म्हणून ते गावभर मिरवायचे. शिवाय खरातांच्या घरात एक पद्धत होती. नामकरणाच्या दिवशी बाळ घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाच्या मांडीवर द्यायचं, आणि त्यानंच बाळाच्या कानात नाव सांगायचं. मुलाच्या, सुमितच्या वेळी गुरुजींचे वडील होते. आता मांडी गुरुजींची होती. मुलगी झाल्याचा फोन आल्यापासून ते त्या मांडीची वाट बघत होते.

अडचण एवढीच होती की गुरुजींना सुईची भीती वाटायची.

ही गोष्ट गावात कुणाला सांगितली असती तर त्यानं सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत संपत खरात गुरुजींनी अख्खी नोकरी केली, आणि लसीकरणाचा दिवस आला की सगळ्यात पुढं तेच असायचे. पळून गेलेली पोरं चिंचेवरून उतरवून आणायची, त्यांचे दंड धरायचे, घाबरलेल्या आयांना समजावून सांगायचं, ही सगळी कामं त्यांची. रांगेत इतके गुंतलेले असत की ते स्वतः कधी सुईच्या वाटेला गेले नाहीत हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. कोरोनाच्या वेळी मात्र सुटका नव्हती. तेव्हा गुरुजी डोळे मिटून खुर्चीवर बसले, आणि उघडले तेव्हा बाकावर आडवे होते. गुरुजींना ऊन लागलं असं गावात जाहीर झालं. दिवस थंडीचे होते, पण गुरुजींचा शब्द खोडायची गावात रीत नव्हती.

तर गुरुजी जालन्याला गेले. पेन्शनचं काम केलं. दवाखान्याची पायरी चढले, चपलासुद्धा काढल्या. तेवढ्यात आतून एका पोरानं असा काही टाहो फोडला की गुरुजींनी लगेच चपला परत घातल्या. शेजारच्या मेडिकलमधून थोडा कापूस आणि चिकटपट्टी घेतली, आणि बसस्टँडच्या एका कोपऱ्यात उभं राहून डाव्या दंडावर कापसाचा बोळा व्यवस्थित चिकटवला. लबाडीतही गुरुजींचं काम नीटनेटकं असायचं. मग मोसंबीचा रस पिऊन ते घरी आले.

"घेतली का?" बेबीनंदाबाईंनी विचारलं.

गुरुजींनी काही न बोलता बाही वर केली. तोंडानं खोटं बोललो नाही, हे समाधान त्यांना पुढं चार दिवस पुरलं.

दुसऱ्या दिवशी ते हुकमचंद शेठच्या कापड दुकानाच्या ओट्यावर जाऊन बसले. शेठ त्यांचे वर्गमित्र. हुकमचंदांचे पणजोबा राजस्थानातून इकडं आले आणि तीर्थपुरीच्या बाजारातच रुजले. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ओट्यावर चार माणसं जमायची. त्या दिवशी गुरुजींच्या दंडावरची पट्टी सगळ्यांना दिसेल अशी बाही जरा वरच राहिली होती.

"हे काय, गुरुजी? या वयात लस?" शेठ म्हणाले. "लस तर लेकरायची असती."

"लेकरायचीबी असती अन् मोठ्यायचीबी. लहानपणी घेतलेल्या लसीचा जोर हळूहळू कमी होतो, शेठ. म्हणून परत घ्यायची."

"सर्दी असली तर चालतं का?"

"साध्या सर्दीला चालतं. ताप जोराचा असला तर थांबायचं, डॉक्टरला विचारायचं."

"अन् शुगरवाल्याला?"

"त्यानं तर आधी घ्यावी. पण आपल्या डॉक्टरच्या सल्ल्यानं."

शेजारचा भुजंग ट्रॅक्टरचा पार्ट न्यायला बाजारात आला होता, तोही थांबला. भुजंग हा गुरुजींचाच विद्यार्थी. "गुरुजी, माझ्या पोराचा पाच वर्षांचा डोस ऱ्हायला. आता समदं पहिल्यापासून सुरू करावं लागतं का?"

"न्हाई रे. जिथं ऱ्हायलं तिथून पुढं. पण जल्दी कर. बुधवारी लसीकरणाला दैवशालाताईकडं घेऊन जा."

विहिरीत कधी न उतरलेला माणूस काठावरून पोहणं शिकवतो तसं हे चाललं होतं. पण शिकवणं अगदी बराबर होतं. मग शेठनी विचारलं, "मोठ्या माणसाला हा डांग्या खोकला झालाच, तर होतं काय?"

"मोठ्याला काय होणार? महिनाभर खोकत ऱ्हातो, अन् बिडीमुळं आहे म्हणतो. त्याला पत्ताच लागत न्हाई. पण त्याच्याकडून तान्ह्या लेकराला जर..." गुरुजी बोलता बोलता थांबले.

"लेकराला काय?"

"लेकराला नीट खोकताबी येत न्हाई, शेठ. श्वासच अडकतो."

हे वाक्य गुरुजी आपल्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. अर्धा चहा तसाच ठेवून ते उठले. घरी येऊन त्यांनी तृप्तीला फोन करून आणखी माहिती विचारली. सासरा इतका रस घेतो म्हणून तृप्तीला कौतुक वाटलं, आणि तिनं एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक तान्हं बाळ खोकत होतं. गुरुजींनी तो निम्मासुद्धा बघितला नाही. फोन उशीखाली ठेवला आणि बराच वेळ पाळण्याजवळ बसून राहिले.

आता कुणीही म्हणेल, मग गेले का नाहीत? गेले होते. एकदा अंबडपर्यंत जाऊन परत आले. एकदा तर पुन्हा त्याच पायरीपर्यंत जाऊन आले. भीतीला वय कळत नाही आणि शिक्षणही कळत नाही. या भानगडीत सव्वा महिना कधी भरला ते त्यांना समजलंच नाही.

तृप्ती बाळाला घेऊन आली तो रविवार होता. गाडी दारात थांबली. बेबीनंदाबाईंनी मायलेकींवर फुलं टाकली. सुमित बॅगा उतरवायला धावला, कारण बाळ घ्यायची वेळ आली की तो नेहमी बॅगा उतरवायचा. फार लहान आहे, हातातून निसटेल, असं तो पहिल्या दिवसापासून म्हणत होता. नवा बाप असाच असतो म्हणून सगळे हसायचे. तृप्ती सरळ गुरुजींसमोर आली.

"घ्या अण्णा. तुमचे पंधरा दिवस कवाच झाले."

दुपट्यातून एक चेहरा वर बघत होता. नाक थेट खरातांचं. गुरुजींचे हात आपोआप पुढं गेले. दुपट्याला बोटं लागायच्या आत त्यांना उशीखालचा फोन आठवला, आणि हात तसेच मागं आले.

"हात दुखतो," गुरुजी म्हणाले.

"हात? कशानं?"

सर्दी झाली म्हणाले असते तर भागलं असतं. पडलो म्हणाले असते तरी चाललं असतं. पण मनात सुई होती, तोंडातून तीच बाहेर पडली. "त्या इंजेक्शननं."

"इतके दिवस?" तृप्ती चमकली.

"आधी बरा होता. आता उलटलं."

तिथून पुढं गोष्ट गुरुजींच्या हातात राहिली नाही, आणि हात घरच्यांच्या ताब्यात गेला. बेबीनंदाबाईंनी विटकर तापवून शेक दिला, हळद लावली, तिळाच्या तेलानं चोळलं. चोळण्यानं मात्र हात खरंच थोडा दुखायला लागला. दुखरा हात कोणता हे आपणच विसरू नये म्हणून गुरुजींनी डाव्या दंडाला रुमाल बांधला. रुमाल बांधलेला हात नुसता लोंबताना बरा दिसेना, म्हणून बेबीनंदाबाईंनी जुनी ओढणी गळ्यात अडकवून हात तिच्यात ठेवला.

बाळ बघायला आलेली माणसं हातही बघून जायची. संध्याकाळपर्यंत भुजंगनं सांगितलं, "गुरुजींचा हात वर होईना." सोमवारी बाजारात हुकमचंद शेठच्या कानावर आलं की गुरुजींचा हात वाळत चाललाय. मंगळवारी वडीगोद्रीहून गुरुजींच्या मावसभावाचा फोन आला आणि त्यानं रडवेल्या आवाजात विचारलं, "संपत, हात काढावा लागला म्हणं?"

"हातानंच फोन धरलाय रे मी!"

"दुसऱ्या हातानं धरला असशील," मावसभाऊ म्हणाला. त्याला काही पटलं नाही.

त्याच दिवशी दैवशालाताई आली. गावातली आशा कार्यकर्ती. दारातूनच तिनं सुरुवात केली. "गुरुजी, उद्या बुधवारचं लसीकरण आहे अन् एक माय लेकरू आणायला तयार न्हाई. समद्या म्हणून राह्यल्या, गुरुजींसारख्या माणसाचा हात गेला, तिथं आमच्या लेकरायचं काय? मी घरोघर फिरून मेले. तुम्हीच सांगा, आता काय करू?"

गुरुजींनी ओढणीतला हात जरा हलवला. "इतकं काही न्हाई, ताई. किरकोळ आहे."

"मंग गळ्यात कशाला बांधलाय?"

गुरुजी ओढणीची गाठ चाचपू लागले. तृप्ती आतून आली. तिच्या डोळ्यांत आता वेगळीच चमक होती. "अण्णा, कोणत्या दवाखान्यात घेतली तुम्ही? लस खराब असंल, न्हाईतर टोचणाऱ्यानं चूक केली असंल. आपण सोडायचं न्हाई. तक्रार करू."

"तक्रार कशाला?" गुरुजी घाईघाईनं म्हणाले. "बिचारे चांगली माणसं होती."

"नाव काय दवाखान्याचं?"

"बोर्ड वाचला न्हाई मी."

रस्त्यानं जाताना दुकानांच्या पाट्यांवरची ऱ्हस्व-दीर्घं दुरुस्त करायला लावणारा हा माणूस. त्यानं बोर्ड वाचला नाही?

"मंग बदनापूरला आमच्या डॉक्टरांकडं जाऊ," तृप्ती म्हणाली. "उद्या इथं बाळाचे दीड महिन्याचे डोस झाले की लगेच."

"काही गरज न्हाई," सुमित एकदम म्हणाला. तो आतापर्यंत मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. "अण्णांचा हात होईल बरा. उगं डॉक्टरकडं जाऊन खर्चा कशाला?"

"बापाचा हात चाललाय अन् तुम्ही खर्चा बघता?" तृप्तीनं असं बघितलं की सुमित पुन्हा मोबाईलमध्ये शिरला.

संध्याकाळी घरात वंदना व्हायची. म्हणणारे गुरुजी, मागून म्हणणारे सगळे. पंचशील सुरू झालं. पहिली तीन शीलं खणखणीत झाली. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथं आल्यावर गुरुजींचा आवाज असा बसला की मागच्यांना काही ऐकूच आलं नाही. सगळे वाट बघत थांबले. गुरुजींनी पाणी पिऊन परत सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडकले. विशेष म्हणजे मागून म्हणणाऱ्यांत सुमितचा आवाजही तेवढ्या शीलापुरता ऐकू आला नाही, पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. रविवारी नामकरणात हेच शील शंभर माणसांसमोर म्हणायचं होतं, आणि गावातल्या सगळ्या नामकरणांत ते म्हणायचा मान गुरुजींचाच होता.

बुधवारी शाळेच्या वऱ्हांड्यात टेबल मांडलं गेलं. गंमत अशी की माणसं बरीच जमली होती. लेकरंही होती. फक्त टेबलाजवळ कुणी जाईना. जे ते लांब उभं राहून गुरुजींच्या गळ्यातली ओढणी बघत होतं. वर्षानुवर्षं ज्या टेबलाच्या पुढं गुरुजी उभे राहायचे, त्याच्या मागं आज भिंतीला टेकून ते उभे होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तृप्ती बाळाला घेऊन सगळ्यांत आधी बसली. सिस्टरनी थेंब पाजले, मग मांड्यांना सुया टोचल्या. बाळ लालभडक झालं, त्यानं जीव खाऊन हंबरडा फोडला. गुरुजींनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा बाळ आईच्या खांद्यावर हुंदके देत होतं. थोड्या वेळानं तेही थांबले. झालं. एवढंसं लेकरू, त्याचं झालंसुद्धा.

"बघा बरं," तेवढ्यात भुजंग मोठ्यानं म्हणाला. त्यानं आपल्या दांडग्या पोराचं मनगट धरलं होतं. "गुरुजींनी सांगितलं म्हणून मी आल्तो. पण त्यांचीच ही गत झाली. मी न्हाई देणार आपल्या पोराला. चल रे घरी."

त्याच्यामागं आणखी दोन-तीन जणी वळल्या. दैवशालाताईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"भुजंग, थांब!"

वर्गातला आवाज होता तो. भुजंग जागच्या जागी उभा राहिला. गुरुजी पुढं आले. त्यांनी ओढणी गळ्यातून काढली आणि भुजंगच्या पोराला डाव्या हातानं उचलून कडेवर घेतलं. पोरगं चांगलं अंगापिंडानं होतं. वऱ्हांडा बघत राहिला.

"हात शाबूत आहे," गुरुजी म्हणाले. "त्याला काही झालेलं न्हाई. मी लस घेतलीच न्हाई."

कुणाला काही कळेना. "मंग दुखत काय होतं?" दैवशालाताईनं विचारलं.

"काहीच दुखत नव्हतं, ताई. मला सुईची भीती वाटती. लहानपणापासून. जालन्याला पायरीपर्यंत जाऊन परत आलो, अन् कापूस चिकटवून घरी आलो. लसीचा यात काडीचा दोष न्हाई. तुम्ही मला हसा, पण लेकरांना डोस द्या."

लोकांना हसायला दुसरी परवानगी लागली नाही. वऱ्हांडा दणाणला. सगळ्यांत जास्त भुजंग हसला. सिस्टर मात्र कामाच्या होत्या. "गुरुजी, पोराला तसंच घट्ट धरून ठेवा," म्हणाल्या आणि हसण्याच्या गडबडीत त्याला टोचूनही मोकळ्या झाल्या. पोरगं रडायच्या आत रांग लागली.

हसली नाही ती फक्त तृप्ती. ती बाळाला घेऊन तशीच उभी होती.

"अण्णा, म्हणजे तुम्ही तिला घेतलं न्हाई ते..."

"कसं घेणार?" गुरुजी म्हणाले. "तू पाठवलेला तो व्हिडिओ बघितला मी. न घेता तिला हात लावायची हिंमत झाली न्हाई. पाळण्याजवळून जाताना हात पाठीमागं धरून जातो. जीव तुटतो गं माझा. पण माझ्यामुळं तिला काही झालं असतं तर?"

रागवावं की पाया पडावं हे तृप्तीचं ठरेना. शेवटी तिनं दोन्हींतलं काहीच केलं नाही. "चला," म्हणाली. "आत्ताच बदनापूरला जाऊ. ही लस इथं मिळत न्हाई."

"मीबी येतो," सुमित म्हणाला.

"तुमची बँक?"

"हाफ डे टाकतो. अण्णांना आधार म्हणून."

हुकमचंद शेठनी गाडी दिली. रस्ताभर गुरुजी खिडकीबाहेर बघत होते आणि आधार म्हणून आलेला सुमित दुसऱ्या खिडकीबाहेर बघत होता. बेबीनंदाबाई मध्ये बसून एकदा इकडं, एकदा तिकडं बघत होत्या.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. ते हसले नाहीत. "चक्कर येते का? मग पडूनच घ्या. अशी बरीच मोठी माणसं येतात माझ्याकडं," म्हणाले. कुणी असं सांगितलं असतं तर गुरुजी कधीच आले असते. ते पलंगावर आडवे झाले, बेबीनंदाबाईंचा हात धरला आणि छताकडं बघत राहिले.

"झालं."

"झालं?" गुरुजींनी विचारलं. त्यांची बरीचशी भीती अजून शिल्लक होती.

"झालं. थोडा वेळ पडून राहा. आता पुढचे कोण?"

पुढचं कुणी नव्हतं. डॉक्टर मात्र दाराकडं बघत होते. सगळ्यांनी तिकडं बघितलं. दारात सुमित भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा होता आणि त्याची एक बाही वर दुमडलेली होती.

"तुम्ही तर त्या शनिवारी जालन्याला घेतली होती ना?" तृप्तीनं विचारलं.

"जालन्याला गेल्तो," सुमित म्हणाला. "पायरीपर्यंत."

"म्हणजे बाळ हातातून निसटंल, ते..."

"निसटण्याची भीती नव्हती."

पोरगा बँकेत लागला त्या दिवशीसुद्धा गुरुजींनी त्याच्याकडं इतक्या मायेनं बघितलं नव्हतं. ते पलंगावर एका बाजूला सरकले आणि म्हणाले, "ये. पडूनच घे."

"काय माणसं आहेत ही," बेबीनंदाबाई डॉक्टरांना म्हणाल्या. "अन् मी या दोघायच्या भरवशावर संसार केला."

नामकरण पंधरा दिवस पुढं गेलं. कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला बेबीनंदाबाईंनी खरं कारण सविस्तर सांगितलं. ओळखीपाळखीत कुणी राहिलं असेल तर त्याला त्यांनी आपण होऊन फोन केला. बापलेक लांबच्या खोलीत बसून बाळाचं रडणं ऐकायचे. दुसऱ्या दिवशी दोघांचेही दंड खरोखर ठणकत होते, पण शेक द्यायला कुणी आलं नाही. एकमेकांना विचारपूस करून त्यांनी वेळ काढला.

नामकरणाला गर्दी लोटली. निम्मी माणसं बाळ बघायला आली होती, निम्मी गुरुजींचा हात बघायला. मावसभाऊ तर वडीगोद्रीहून खास आला आणि आधी बोटं मोजून मगच जेवायला बसला. वंदना झाली. तृप्तीनं बाळ गुरुजींच्या मांडीवर ठेवलं. गुरुजी वाकले आणि कानात म्हणाले, "साक्षी." मग आणखी एकदा म्हणाले. मग उगाच आणखी एकदा. साक्षीनं त्यांची करंगळी मुठीत धरली. गुरुजी डोळे पुसायला चष्मा काढू लागले, पण करंगळी सुटेना, म्हणून त्यांनी डोळे तसेच राहू दिले.

जेवणं झाल्यावरही गुरुजी नातीला खाली ठेवेनात. हुकमचंद शेठ जवळ येऊन बसले आणि त्यांनी दोन्ही हात पुढं केले.

"आता आमच्याकडंबी द्या की जरा, गुरुजी."

"लस घेतली का, शेठ?"

"घेतली की. परवाच घेतली. जालन्याला." असं म्हणून शेठ वर फिरणाऱ्या पंख्याकडं बघू लागले.

गुरुजींनी शेठच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं. मग बाळ आपल्या अंगाशी थोडं जवळ घेतलं.

"गुरुवारी मी बदनापूरला चाललोय," ते हळूच म्हणाले. "येता का संगं?"

"तुमचं काय काम तिथं?"

"माझं काही काम न्हाई. तुमच्याजवळ बसायला येतो."

शेठचे हात अजून पुढंच होते. ते बराच वेळ साक्षीकडं बघत राहिले. मग इकडंतिकडं बघून, कुणी ऐकत नाही अशी खात्री करून त्यांनी आवाज खाली आणला.

"गुरुजी, खरं सांगा. लई दुखतं का?"

"दुखतं," गुरुजी म्हणाले. "पण लेकराला लांबून बघायला त्याहून जास्त दुखतं, शेठ."

हुकमचंद शेठनी पुढं केलेले हात हळूहळू मागं घेतले आणि मांडीवर ठेवले.

"गुरुवारी किती वाजता निघायचं?" त्यांनी विचारलं.